साडूचा वर्ग

३ जून

साडूभाऊ,

नमस्कार. तुम्ही मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग काढलात, ही बातमी मला कुणाकडून कळावी? माझ्या बायकोकडून. तिला तुमच्या बायकोकडून. दोघी बहिणींच्या फोनवर आधी गुडघेदुखी झाली, मग पडद्यांचं कापड झालं, आणि ठेवता ठेवता तुमची बायको म्हणाली, 'अगं, यांनीही वर्ग काढलाय हं, आणि बसायला जागा नाही!' लगेच दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन. धाकट्या जावयाचं कौतुक त्यांनी मला ऐकू जाईल अशा बेतानं केलं. मी पेपरात तोंड घालून बसलो होतो, पण कान काही बंद करता येत नाहीत.

साक्षरतेचं काम करणाऱ्या त्या संस्थेचा इथला वर्ग मी दोन वर्षं चालवतोय. तुम्ही निवृत्त होऊन घरात लोळत होतात, तेव्हा मीच म्हटलं होतं की बसून काय करता, संस्थेत नाव घाला. म्हटलं होतं, नाही कोण म्हणतं? पण माणूस काहीतरी म्हणतो म्हणून लगेच करायचंच असतं असं नाही.

तुम्ही उभा जन्म औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांचे दवाखाने पालथे घातलेत. बोलण्यात तुम्ही कुणाला ऐकायचे नाहीत, कबूल. पण शिकवणं म्हणजे बडबड नव्हे. मी चौथीचे वर्ग सांभाळत म्हातारा झालो, म्हणून न विचारता सांगतो. रोज हजेरी घ्या. उत्तर देणाऱ्याला उभं राहून द्यायला लावा. आणि कुणी सलग दोन-तीन दिवस दिसला नाही, तर सरळ त्याचं घर गाठा. माझ्या नोकरीत मी एकही पोरगं शाळेतून गळू दिलं नाही ते या एका सवयीमुळे.

माझा वर्ग व्यवस्थित चालू आहे. काळजी नसावी.

तुमचा थोरला साडू

११ जून

मास्तर,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचलं आणि पहिल्या भेटीत आत न घेणाऱ्या डॉक्टरांची आठवण झाली. तुमचंच ऐकून वर्ग काढला आणि तुमच्याच शिव्या खातोय, असा गुणी साडू शोधून सापडायचा नाही!

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतो. खुर्च्या कमी पडतात म्हणून दोघंजण खिडकीच्या कठड्यावर बसतात. मी काही विशेष करत नाही हो. डॉक्टरांच्या दारात एक गोष्ट शिकलो, कामातल्या माणसाकडे आपल्यासाठी दोन मिनिटं असतात. त्या दोन मिनिटांत त्याला काय हवंय ते नाही कळलं, तर बॅग उचला आणि निघा. म्हणून पहिल्या दिवशी चहा ठेवला, एकेकाशेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, काय वाचता यायला हवंय?

काय काय निघालं म्हणून सांगू! खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईंना आईच्या गोळ्यांची नावं वाचायची आहेत, एकदा सकाळची गोळी रात्री दिली गेली होती. ट्रकवाल्याला रस्त्यावरच्या पाट्या हव्यात. इस्त्रीवाल्याला काही वाचायचं नाही, त्याला फक्त मेव्हण्याला चूक काढता येणार नाही अशी सही करायची आहे. मी म्हटलं, मेव्हण्याचं दुःख मला कळतं, माझा एक साडू आहे.

बरं, एक खरंच विचारायचं होतं. अक्षरं ओळखतात, पण एकापुढे एक जोडून वाचायला सांगितलं की गाडी अडते. तुम्ही ते कसं शिकवता? जरा सविस्तर लिहा ना.

तुमचा धाकटा साडू

२५ जून

साडूभाऊ,

'मी काही विशेष करत नाही' हे वाक्य माणूस कधी लिहितो ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या शाळेत पहिला नंबर काढणारी पोरं असंच म्हणायची, अभ्यासच केला नव्हता म्हणून.

तुमचा तो प्रश्न मी माझ्या वर्गात विचारून पाहिला. सहज, गंमत म्हणून. पहिल्या ओळीपासून एकेकाला उभं केलं आणि म्हटलं, सांगा, काय वाचायचंय? दवाखान्यातली आया खाली मान घालून उभी राहिली, तिच्या मागचा रंगारी म्हणाला, 'तुम्ही शिकवाल ते.' झालं. आया दुसऱ्या दिवसापासून आलेली नाही. तेव्हा तुमची युक्ती तुमच्याच गावाला लखलाभ. इथली माणसं जरा गंभीर आहेत.

थोडे लोक असले की शिकवणं नीट होतं, हे मी मुद्दाम सांगतो. माझ्याकडे एक प्लंबर आहेत. साठी ओलांडलेली, हाताखाली चार माणसं, अर्ध्या शहराचे नळ त्यांनी बसवलेत. पण अक्षरशत्रू. कुणी कागद पुढे केला की 'चष्मा विसरलो' म्हणायचे. आमच्या खोलीतले बाक लहान पोरांचे आहेत, त्यांचे गुडघे त्यात मावत नाहीत, तर ते आडवे बसून लिहितात. दोन वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. आता पेपरातला मथळा बोट न ठेवता वाचतात! खडखडीत आवाज, एकदम स्वच्छ. मी आयुष्यात एवढा चांगला विद्यार्थी पाहिला नाही.

जुलैअखेर संस्थेचा मेळावा आहे, माहीत असेलच. प्रत्येक वर्गातून एकजण मंचावर वाचून दाखवतो. पेपरवाले फोटो काढतात. मी प्लंबरांचं नाव परवाच वर्गात सगळ्यांसमोर जाहीर केलं. ते काही बोलले नाहीत, साहजिक आहे, भारावून गेले असणार.

सासूबाई मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. बरं झालं.

तुमचा थोरला साडू

१० जुलै

मास्तर,

तुमच्या प्लंबरांबद्दल वाचलं आणि खरं सांगतो, रात्री जेवण गेलं नाही. जळालो मी तुमच्यावर! माझ्याकडे खोली भरून माणसं आहेत आणि त्यातला एकही बोट न ठेवता मथळा वाचत नाही. बोट ठेवूनही नाही. येतात, चहा पितात, हसतात, मनातलं बोलतात आणि होते तसे घरी जातात. मला माणसं बसवता येतात, त्यांना पुढे नेता येत नाही. माझी बायको फोनवर टेंभा मिरवते तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन बसतो. मागच्या पत्रात विचारलं होतं, तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. अक्षरं जोडायला कसं शिकवता ते लिहा हो. पाय धरतो.

आणि आणखी एक, राग मानू नका. प्लंबरांना मंचावर यायचंय का ते एकदा बाजूला घेऊन विचारलंत का? मी एक घोटाळा केला. ट्रकवाला किराणा दुकानात भेटला, तर मी मोठ्यानं म्हटलं, 'काय, आज येताय ना शिकायला?' दुकानात त्याचा भाचा उभा होता. ट्रकवाला माझ्याकडे असं बघत राहिला जसा मी कुणी अनोळखी आहे. त्यानंतर वर्गाला आलेला नाही. या माणसांनी घरी काय सांगितलंय ते आपल्याला माहीत नसतं.

तुमचा धाकटा साडू

१६ जुलै

साडूभाऊ,

वा! म्हणजे आता मला शिकवायला निघालात. आधी खोटं रडायचं, 'माझ्याकडे कुणाला वाचता येत नाही हो', आणि त्याच दमात सांगायचं की तुमच्या विद्यार्थ्याला मंचावर नेऊ नका. मी दूधखुळा नाही. मंचावर तुमच्या एकट्याचा माणूस उभा राहावा, पुढच्या रांगेत सासूबाईंनी टाळ्या वाजवाव्यात, असंच ना?

तुमच्या पत्रामुळे डोकं फिरलं त्यात भर म्हणून प्लंबर आठवडाभर वर्गाला आलेले नाहीत. आजारी असतील, किंवा ऐनवेळी कच खाल्ली असेल. चौथीतली पोरंसुद्धा स्नेहसंमेलनाच्या आधी अशीच पोट दुखतंय म्हणून दडून बसायची. मी घरी जायचो, आईबापांसमोर पाठीवर हात ठेवायचो आणि पोरगं दुसऱ्या दिवशी हजर. उद्या सकाळी प्लंबरांच्या घरी जातोय. पत्ता हजेरीपटात आहे.

मेळाव्यात भेटूच. तुमचा जो कुणी असेल त्याची तयारी नीट करून घ्या.

थोरला साडू

५ ऑगस्ट

मास्तर,

मेळाव्याला तुम्ही आला नाहीत. तुमच्या वर्गाचं नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. ताईंना, तुमच्या मंडळींना, विचारलं तर त्या म्हणाल्या, 'धड जेवत नाहीत, बोलत नाहीत, मला काही विचारू नका.' काय झालं?

माझ्याकडचं ऐका म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. इस्त्रीवाल्याला उभं केलं होतं, त्याची स्वतःची हौस होती. हातात कागद धरून ऐटीत वाचू लागला. मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, दुसरं काय करणार? पण गडी रंगात आला. कागदावरचा मजकूर संपला तरी वाचन चालूच! शेवटी मेव्हण्याला दोन शब्द सुनावून खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट. सासूबाईंनी डोळे पुसले. मला मात्र जमीन दुभंगेल तर बरं असं झालं, कारण संस्थेच्या बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, 'छान पाठ केलंय.'

तुमची जागा रिकामी होती आणि मला तीच दिसत होती. लिहा.

तुमचा धाकटा साडू

१२ ऑगस्ट

साडूभाऊ,

लिहितो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय हे आता पोटात राहत नाही.

त्या दिवशी सकाळी प्लंबरांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. प्लंबर खिडकीपाशी चष्मा लावून पेपर वाचत होते. समोर त्यांची बायको मांडीवर कपड्यांची घडी घेऊन ऐकत बसली होती. ते वाचत होते, की धरणाच्या पाण्यातून एक हत्ती पोहत आला आणि सरळ सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढला. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, अरे वा, काय वाचायला लागलाय माणूस! आणि मी दारातूनच, माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणालो, 'बाई, तुमच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी एक अक्षर येत नव्हतं, आज बघा! आणि आता ऐन मेळाव्याच्या वेळी वर्ग चुकवतात, हे बरं नाही. तुम्हीच समजवा.'

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'दोन वर्षांपूर्वी? मग त्याआधी रोज सकाळी मला काय वाचून दाखवत होतात?'

आता समजलं तुम्हाला? बाईंना वाचता येत नाही. लग्न झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी पेपर धरून बायकोला बातम्या वाचून दाखवतोय. सगळ्या मनानं रचलेल्या! आणि ती भाबडेपणानं जिन्यावर, नळावर, शेजारणींना सांगत आलीय. आणि शेजारणी का हसायच्या, ते तिला त्या क्षणी कळलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते बघितलं. प्लंबरांनी चष्मा काढला, पेपराची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मास्तर, या आता.'

दोन वर्षं ते कशासाठी आडवे बसून लिहीत होते हे मी एकदाही विचारलं नाही. खरं वाचता यायला लागलं की खोटं आपोआप संपेल, तिला कधी कळणारही नाही, एवढीच त्यांची धडपड असणार. मंचावर उभं राहिलं असतं, फोटो आला असता, तर शेजारणीनंच येऊन सांगितलं असतं. म्हणून ते येईनासे झाले. तुम्ही लिहिलं होतंत की विचारा. मी का नाही विचारलं? कारण ते तुम्ही लिहिलं होतंत. तुमचा वर्ग भरतो आणि माझा ओस पडतो, या जळफळाटात मी त्या माणसाला बक्षिसाच्या कपासारखा उचलून तुमच्यासमोर नाचवायला निघालो होतो.

वर्ग बंद ठेवलाय. मला नाही जमणार हे.

थोरला साडू

१७ ऑगस्ट

मास्तर,

वर्ग उघडा. उद्याच. ते परत यायचं ठरवतील तेव्हा दाराला कुलूप दिसलं तर?

आणि हात जोडून सांगतो, माफी मागायला त्यांच्या घरी जाऊ नका. तुम्ही जाल, मला माहीत आहे तुमचा स्वभाव. पोरगं गळतं, मोठा माणूस गळत नाही, तो ठरवतो. यायचं की नाही ते त्यांच्या हातात राहू द्या.

मी चांगला शिकवणारा आहे म्हणून हे सांगत नाही. मध्यंतरी ट्रकवाला रस्त्यात दिसला, मी मान खाली घालून पुढे गेलो. आठवड्यानं तो स्वतःच वर्गात येऊन बसला, एवढाच माझा अनुभव.

तुम्ही अजून अक्षरं जोडायचं लिहिलेलं नाही. जळून घ्या, पण लिहा.

तुमचा धाकटा साडू

९ सप्टेंबर

साडूभाऊ,

नमस्कार. सोबत वेगळ्या कागदांवर अक्षरं जोडायला कसं शिकवतो ते सगळं लिहिलंय. दोनदा वाचा. एकदम पाच अक्षरं पुढे टाकू नका, तुमचा स्वभाव उधळा आहे.

आता इथलं ऐका. वर्ग उघडला. पोरांचे बाक सरकवून शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्या आणल्या. हजेरी बंद केली. दवाखान्यातल्या आयाबाईंना निरोप वगैरे काही पाठवला नाही, त्या आपणहून आल्या. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दारात कोण? प्लंबरांची बायको! मला वाटलं, आता ही बाई चारचौघांत माझे वाभाडे काढणार.

बाई आत आल्या, खुर्ची ओढली, बसल्या. म्हणाल्या, 'तुमच्यावर राग आहेच, पण तो नंतर. बातम्यांचं मी एक वेळ सोडून देईन. हसू झालं माझं, ते झालं. पण हे शिकायला एकटे निघाले? विटा आम्ही दोघांनी वाहिल्या, घर दोघांनी बांधलं, आणि शहाणं व्हायची वेळ आली तेव्हा मला न सांगता हे एकटेच? दोन वर्षं?' साडूभाऊ, तो राग फसवल्याचा नव्हता. आपण मागे राहिलो, याचा होता. तो मला बरोबर ओळखता आला.

मी त्यांच्याशेजारी बसलो. उभं केलं नाही. आवाज खाली ठेवून विचारलं, 'काय वाचता यायला हवंय?' हो, तुमचाच प्रश्न. 'पेपर,' त्या म्हणाल्या. 'पहिलं पान. आणि यांच्या आधी.'

काय शिकते ही बाई! अक्षर दाखवलं की गिळून टाकते. घरी काही बोलत नाही, फक्त सकाळी पेपर आला की आधी आपण उचलते आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावते. हे मला बाईंनीच सांगितलं, हसून.

काल वर्ग चालू होता आणि प्लंबर आले. दारात उभे राहिले. मी खडू ठेवला, उठलो, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, 'मी तुम्हाला न विचारता तुमच्या घरी आलो आणि जे तुमचं होतं ते बोलून बसलो. माझं चुकलं.' हे वाक्य मी आठवडाभर घोकत होतो, तरी मधे अडखळलो.

त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. बायकोच्या पाठीकडे बघत होते. म्हणाले, 'ते राहू द्या, मास्तर. आधी सांगा, ही कुठवर पोचली?'

उत्तर जिभेवर आलं होतं. चाळीस वर्षांची सवय, कुणी विचारलं की प्रगती सांगायची. दात आवळून धरले. म्हटलं, 'ते मी सांगणार नाही. त्यांनाच विचारा.'

बाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. वहीवर हात आडवा ठेवला आणि म्हणाल्या, 'मागे बसा. मधेच आलेले मागे बसतात.'

आणि ते बसले! अर्ध्या शहराचे नळ बसवणारा माणूस मागच्या खुर्चीवर, हातातली वही न उघडता, तासभर मान उंच करून तिच्या हाताखालचं दिसतंय का बघत होता. चेहऱ्यावर काय होतं म्हणाल? अहो, तेच. तुमच्या खोलीत खुर्च्या कमी पडतात हे कळल्यापासून रोज दाढी करताना मला आरशात दिसायचं तेच. तास संपला तेव्हा ते सगळ्यात आधी उठले, माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, 'उद्या जरा लवकर आलो तर चालेल का? ती यायच्या आत.'

तुमचा थोरला साडू